वीज गेली तरी परवडणारे खेळ

हल्ली इंटरनेटवर याद्या असतात. कुणाच्या लक्षात न आलेले, खिशाला परवडणारे दहा मारधाडीचे खेळ, अशा मथळ्याच्या. मी त्या उघडते, वाचते आणि चरफडते. लिहिणाऱ्यानं निम्मे खेळ स्वतः खेळलेले नसतात हे मला तिसऱ्या ओळीत कळतं. खेळलेला माणूस चित्रं किती सुंदर आहेत ते सांगत बसत नाही. तो सांगतो की वरच्या जिन्यात गोळ्या कमी पडतात, म्हणून खालच्या मजल्यावर हात आखडता घ्या. हे काम मी पनवेलमध्ये तीन वर्षं केलं, कागदाच्या चिठोऱ्यांवर, दोन हजार चार-पाचच्या सुमारास. आणि माझ्याइतकं चांगलं तेव्हा आमच्या गावात कुणी करत नव्हतं. हे मी नम्रपणा बाजूला ठेवून लिहिते आहे, कारण नम्रपणानं माझं पुरेसं वाटोळं केलेलं आहे.

कॉम्प्युटर भावासाठी आला होता. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, तेव्हा अकरावी सायन्सला. मी कॉमर्सला. मला कॉम्प्युटर लागेल का, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात होते. तिथल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक त्यांनी घरी आणला. रॅम बेताची, ग्राफिक कार्ड नाहीच. भावाला हवे असायचे ते नवे खेळ त्यावर सुरूच होत नसत. पडदा काळा व्हायचा, मधोमध एक इंग्रजी वाक्य यायचं आणि संपलं. त्यानं महिनाभर आदळआपट केली आणि मग तो मित्रांबरोबर सायबर कॅफेत जाऊन खेळायला लागला. घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव तेवढं राहिलं.

जुन्या एसटी स्टँडजवळ एक सीडी लायब्ररी होती. चालवणारे गृहस्थ कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात नोकरी करून परत आलेले. सगळी पोरं त्यांना चाचा म्हणायची. पुढच्या काचेत सिनेमे, मागच्या मांडणीत खेळ, आणि मांडणीच्या खाली पुठ्ठ्याच्या खोक्यात कुणीच नेत नसलेले खेळ, ज्यांचं भाडं अगदी नावापुरतं होतं. भावानं तिथलं कार्ड काढलेलं होतं. नवे खेळ घरी चालत नाहीत म्हटल्यावर तो अधूनमधून त्या खोक्यातलं काहीतरी उचलून आणायचा, पाच मिनिटं बघायचा, 'बकवास' म्हणायचा आणि बाहेर पडायचा. त्यानं टाकलेलं मी उचललं. आमच्या घरात वरून खाली कपडे आले नाहीत कधी, कारण वरची मी होते. पण खेळ मात्र खालून वर आले.

माझं कॉलेज सकाळचं. बाराला मी घरी. आई एका बालवाडीत शिकवायची आणि तिथंच दुपारी शिवणाचा वर्ग घ्यायची, ती चारला यायची. हे चार तास माझे होते, आणि त्यातले दोन महावितरणचे. तेव्हाचं लोडशेडिंग ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. वेळापत्रक असायचं, पण ते वीजवाल्यांनाही पाठ नसावं. पडद्यावर शेवटचा पहारेकरी समोर यावा आणि पंखा घरघरत थांबावा, असं इतक्या वेळा झालं की मी खेळाची परीक्षा तिथूनच करायला शिकले. वीज गेली तर किती नुकसान होतं? जो खेळ दर दहा मिनिटांनी आपण होऊन नोंद ठेवतो तो गरिबाचा खेळ. जो तासभर काहीच लक्षात ठेवत नाही तो इन्व्हर्टरवाल्यांचा. असा निकष कुठल्याही यादीत मला आजवर दिसलेला नाही.

आणि काय एकेक खेळ होते त्या खोक्यात. एकात बर्फात हरवलेला सैनिक होता, त्याच्याकडे एक बंदूक आणि सात गोळ्या. शत्रू त्याच्या पावलांच्या ठशांवरून माग काढायचे. भावानं पाच मिनिटांत सातही गोळ्या उडवल्या आणि सीडी टाकून दिली. मला दोन दुपारी लागल्या हे कळायला की उलटं चालत गेलं तर ठसेही उलटे पडतात आणि शत्रू भलतीकडे जातात. मी खुर्चीत बसून एकटीच मोठ्यांदा हसले होते. दुसरा खेळ गोदीतला. कंटेनरच्या भिंती, त्यांच्यामधल्या बोळी, आणि हातात बंदूक नाही, नुसता दोर आणि आकडा. उरणच्या रस्त्यावर कंटेनर बघत मोठी झालेली मी, मला त्या बोळी घरच्यासारख्या वाटल्या. या खेळात आवाज हाच सगळा मामला होता. पत्र्यावर पाय पडला की ठाण्ण वाजायचं आणि सगळे पहारेकरी जागे. तो खेळ आवाज बंद करून खेळणाऱ्याला कधीच कळला नसता.

पण माझा सगळ्यात आवडता खेळ म्हातारीचा. वेष्टनावर एक म्हातारी तलवार टेकून उभी होती, म्हणून कुणी तो नेत नव्हतं. वेष्टनावर बाई हवी तर कशी हवी, हे त्या वयाच्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. या म्हातारीला दम लागायचा. सलग चार वार केले की ती वाकून उभी राहायची आणि त्या क्षणी तिला कुणीही मारू शकायचं. त्यामुळे एकेक वार जपून करायचा, समोरच्याला दमू द्यायचं, मग एकच घाव. खेळ बनवणाऱ्यांकडे पैसा नव्हता हे उघड दिसत होतं. झाडं सगळी एकसारखी, आकाश एकाच रंगाचं. पण माणूस दमतो हे त्यांनी जसं दाखवलं होतं तसं त्या मोठमोठ्या खेळांत मला दिसलं नाही.

आता चिठ्ठ्यांचं. चाचांची एक पद्धत होती. सीडी परत करताना वेष्टनात एक चिठ्ठी घालायची: खेळ कुठवर चालला, कुठे अडकला, आणि खाली मेंबराचं नाव आणि कार्डाचा नंबर. कारण पोरं परत येऊन भांडायची, तुम्ही सीडी खराब दिली म्हणून. चिठ्ठी असली की चाचा ती पुढे करायचे. भाऊ नुसतं 'ओके' लिहायचा, तेही किडामुंगीच्या अक्षरात. मग ते काम माझ्याकडे आलं. घरात अक्षर माझं चांगलं, त्यामुळे लिहिण्याचं प्रत्येक काम माझ्याकडेच यायचं. गॅसचं, रेशनचं, आईच्या बालवाडीचे अहवाल, बाबांच्या रजेचे अर्ज, भावाचे कॉलेजचे फॉर्म, सगळं मी भरायची आणि ज्याचं त्याचं नाव घालून ज्याच्या त्याच्या पुढे सहीला ठेवायची. चिठ्ठीखाली भावाचं नाव लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही. कार्ड त्याचं, म्हणून नाव त्याचं. गॅसची नोंदणी बाबांच्या नावानं करताना सिलिंडर माझा, असं कुठं वाटतं?

मात्र नाव सोडून बाकी सगळं मी माझं लिहायची. गोदीच्या खेळाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कमी रॅमवर चालतो. आवाज चालू ठेवा, कान असतील तर हा खेळ सोपा आहे. तिसऱ्या धक्क्यावर क्रेनमागे उभे राहिलात तर अडकून पडाल, ती खेळाची चूक आहे, तुमची नाही. वीज गेली तर दहा मिनिटांचं नुकसान. भाड्याच्या मानाने फारच चांगला.' म्हातारीच्या खेळावर लिहिलं होतं: 'वेष्टन बघू नका. घाई करणाऱ्याने नेऊ नये.'

भाऊ सांगायला लागला की खोक्यातले खेळ हल्ली खोक्यात नसतात, मुलं चिठ्ठी वाचून नेतात. एकदा म्हातारीचा खेळ मी भावाकडून पुन्हा आणवला तर माझ्या चिठ्ठीच्या पाठीमागे पेन्सिलनं कुणीतरी लिहिलेलं होतं. 'दादा, तुमी लिवलाय तसाच केला, आनि म्हातारी जिंकली. आता कंचा नेऊ? आमचेकडं पन लाइट जाते.' खाली नुसतं गावाचं नाव, 'गव्हाण'. मी ते चारदा वाचलं. मग दुसऱ्या चिठ्ठीवर त्याला बर्फातला खेळ सुचवला, उलटं चालण्याची युक्ती न सांगता फक्त 'ठशांकडे लक्ष द्या' असं लिहिलं, आणि खाली भावाचं नाव घातलं. त्या 'दादा'चं तेव्हा मला हसू आलं होतं. आज येत नाही.

माझं बीकॉमचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा एका संध्याकाळी भाऊ तोंड लपवत घरी आला. म्हणाला, "ताई, चाचांनी निरोप दिलाय." नव्या पनवेलमध्ये राहणारे एक गृहस्थ मुलासाठी तिथून सीडी न्यायचे. ते बेलापूरच्या एका कंपनीत होते, जिथं बाहेरच्या देशांतले खेळ बाजारात येण्याआधी तपासले जायचे. कुठे अडकतात, कुठे मोडतात, ते शोधून लिहून द्यायचं, त्याचाच पगार. त्यांनी वेष्टनातल्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या आणि चाचांना विचारलं होतं की हे कोण लिहितं. चाचांनी कार्डावरचं नाव वाचून दाखवलं. गृहस्थांनी सांगितलं, त्या मुलाला अर्ज द्यायला सांगा, आम्हाला अशीच माणसं हवीत.

अशी नोकरी जगात असते हेच मला माहीत नव्हतं. बँकेच्या परीक्षा, नाहीतर कुणा सीएच्या ऑफिसात खतावण्या, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं, आणि एकदम कुणीतरी म्हणत होतं की तू दुपारी जे चोरून करतेस त्याचा पगार मिळतो. मी म्हटलं, "चिठ्ठ्या मी लिहिते."

"मला माहितेय ना," भाऊ म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतोय?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "शिफ्टची कामं असतात ती. सगळी पोरं. तुझ्या मावशीनं स्थळ आणलंय, ते लोक पुढच्या महिन्यात येतायत. त्यांना काय सांगायचं, मुलगी दिवसभर मारामारीचे खेळ खेळते?" मग मऊ आवाजात, "त्याचं बारावीचं माहितेय ना तुला. डिप्लोमाही रखडलाय. त्याचं होत असेल तर होऊ दे."

आई म्हणाली, "दोघंही अर्ज करा. लागेल त्याला लागेल." हे तिचं म्हणणं मला फार न्यायाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा चाचांच्या दुकानात गेले. तीन वर्षं त्या दुकानासाठी लिहीत होते आणि पायरी चढले नव्हते, कारण आत नेहमी पोरांचा घोळका. दुपारची वेळ होती, दुकान रिकामं. मी नाव सांगितलं, भावाचं. चाचांनी चष्मा वर केला. मी काउंटरवरचा कागद ओढून एक ओळ लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली. ते कागदाकडे बघत राहिले. मग मागून म्हातारीच्या खेळाचं वेष्टन काढलं. माझी चिठ्ठी चिकटपट्टीनं आत डकवलेली होती आणि कडा बोटं लागून लागून काळ्या पडल्या होत्या.

"या अल्ला," ते म्हणाले. "आणि मी त्या साहेबांना काय सांगून बसलो? बेटी, कार्डावर नाव होतं ते मी वाचलं. आता काय करू? फोन लावू का त्यांना? नंबर आहे माझ्याकडे. जे खरं आहे ते सांगून टाकतो, त्यात काय शरम?"

त्यांचा हात फोनवरच होता. मला नुसतं 'लावा' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नको. अर्जावरून कळेल त्यांना."

का म्हटलं असं, याची मी वीस वर्षं उत्तरं शोधते आहे. एक उत्तर असं की भावाचं हसं झालं असतं, स्टँडजवळच्या दुकानात, जिथं त्याचे सगळे मित्र यायचे. घरातली गोष्ट दुकानात बोलायची नाही, हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते चांगलं शिकले होते. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. मला मागायचं नव्हतं. मला ओळखलं जायचं होतं. अक्षर बघून शहाण्या माणसाला आपोआप कळावं, आणि मी काही बोलले नाही याचंही त्याला कौतुक वाटावं, इतकी माझी हाव होती. चाचांनी फोनवरचा हात काढला आणि साहेबांनी दुकानात ठेवलेल्या कोऱ्या अर्जांतले दोन माझ्या हातात दिले. "सोच ले बेटी," एवढंच म्हणाले.

शनिवारी दुपारी मी दोन्ही अर्ज घेऊन बसले. भाऊ समोर पेन चावत होता. एक पान नाव-गाव-शिक्षणाचं, आणि पुढे जोडायचं होतं ते असं: आपण खेळलेल्या तीन खेळांबद्दल लिहा, कुठल्याही भाषेत. त्याला एक वाक्य सुचेना. आईनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "आधी त्याचा भरून दे गं. तुझा काय, तू केव्हाही भरशील."

मी त्याचा भरायला घेतला. इथं माझी खोड आडवी आली. मला फॉर्म वाईट भरताच येत नाही. रजेचा साधा अर्ज असला तरी मी तो असा लिहायची की बाबांच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, कोण लिहून देतं तुम्हाला. तेव्हा भावाच्या अर्जात मी तीन खेळ लिहिले आणि ते तीन सगळ्यात चांगले लिहिले. बर्फातला, गोदीतला आणि म्हातारीचा. क्रेनमागची चूक लिहिली, ठशांची युक्ती लिहिली, दमण्याबद्दल तर असं लिहिलं की माझंच मला बरं वाटलं. मग माझा कोरा अर्ज पुढे ओढला. आता काय लिहू? तेच तीन पुन्हा लिहिले तर नक्कल दिसेल. उरलेल्यांतले तीन लिहिले, ठीकठाक, पण जीव आधीच दुसरीकडे ओतून झाला होता. एका कच्च्या कागदावर मी वाक्य लिहून पाहिलं, की लायब्ररीतल्या चिठ्ठ्या माझ्या आहेत, भावाचं नाव फक्त कार्डापुरतं. ते वाचून चुगलीसारखं वाटलं. कच्चा कागद चुरगाळून टाकला. दोन्ही अर्ज एका पेनानं, एका अक्षरात, शेजारी शेजारी ठेवले आणि मनाशी म्हटलं, आंधळ्यालासुद्धा कळेल.

मुलाखतीला फक्त भावाला बोलावलं. माझ्या अर्जाचं उत्तरच आलं नाही. आदल्या दिवशी आई म्हणाली, "त्याला जरा सांग, काय काय विचारतील." मी सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं, पण नाही हा शब्द मला तोंडात वळवता येत नव्हता. मी त्याला माझ्या सगळ्या युक्त्या पढवल्या. तो हुशार होता, पाठांतर त्याचं चांगलं. त्याला नोकरी लागली. ती त्यानं अकरा महिने केली. एकच पातळी दोनशे वेळा खेळायची, भिंतीला डोकं आपटून बघायचं की भिंतीत घुसतं का, याचा त्याला वीट आला. पुढे तो मोबाईल कंपनीच्या विक्रीत गेला, मग पुण्याला, आता बरं चाललंय त्याचं. खेळ खेळत नाही. ज्या कामात मी जन्म काढला असता त्यात तो एक वर्षही टिकला नाही, याचा राग मला त्याची निवड झाल्याच्या रागापेक्षा जास्त आला आणि अजून येतो. मावशीनं आणलेलं स्थळ तर येऊन, पोहे खाऊन, पत्रिका जुळत नाही म्हणून निघूनही गेलं होतं.

पण सांगायचं राहिलं ते पेढ्यांच्या दिवसाचं. भावाला नेमणुकीचं पत्र आलं, त्या रविवारी ते नव्या पनवेलचे गृहस्थ स्वतः घरी आले. बाबांनी बोलावलं होतं. साधा, भला माणूस. चष्मा, हाफ शर्ट, मुलगाही बरोबर. मी पेढे आणि चहा घेऊन बाहेर आले तेव्हा मला अजूनही वाटत होतं की ते मला बघतील आणि काहीतरी विचारतील.

त्यांनी विचारलंच. "ही तुमची मुलगी का? हिचाही अर्ज होता ना आमच्याकडे?"

बाबा म्हणाले, "हो, होता आपला."

गृहस्थ हसले. भावाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "तुमचा मुलगा फार मोठ्या मनाचा आहे हो. आम्ही ऑफिसात दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. अक्षर तर मी ओळखतोच, वर्षभर त्याच्या चिठ्ठ्या वाचतोय. बघतो तर काय, यानं बहिणीचाही अर्ज स्वतःच लिहून दिलेला! आणि स्वतःच्याइतका मन लावून लिहिला नव्हता, ते जाऊ द्या," ते डोळे मिचकावून म्हणाले, "पण दिला तर होता! आमच्या साहेबांना इतकं कौतुक वाटलं. म्हणाले, जो मुलगा नोकरीच्या घाईत बहिणीचं काम करतो तो टीममध्ये चांगला राहील."

तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. तीन वर्षं त्या अक्षराखाली मी त्याचं नाव लिहीत होते. अक्षर त्याचं झालेलं होतं. शहाण्या माणसाला अक्षर बघून बरोबर कळलं होतं, जे मीच त्याला शिकवलं होतं ते.

मी भावाकडे बघितलं. त्याच्या हातात अर्धा पेढा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि पेढा तोंडात टाकला. तो काही खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं नेहमी सांगते. मग मी आईकडे बघितलं. त्याच आठवड्यात तिच्या बालवाडीचा वर्षाचा अहवाल मी लिहून दिला होता, सोळा पानं. तिला माझं अक्षर अंधारातही ओळखता आलं असतं. पाहुण्यांच्या बशीत आणखी एक पेढा ठेवत ती म्हणाली, "पहिल्यापासून तसाच आहे हो तो. बहिणीचं सगळं बघतो."

मी आत जाऊन कपबश्या विसळल्या. बाहेरून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. चाचांच्या फोनवर ठेवलेला हात मला तेव्हा दिसत होता, आणि तो मीच काढायला लावला होता.

सोमवारी भावाला पगारासाठी बँकेत खातं उघडायचं होतं. सकाळी मी कॉलेजला निघत होते तेव्हा त्यानं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "ताई, दहाच मिनिटं," म्हणाला. मी चपला काढल्या, बसले, चारही पानं भरली. जिथं जिथं त्याची सही हवी होती तिथं तिथं पेन्सिलनं बारीक फुली करून दिली, म्हणजे त्याचं चुकू नये.